इसेची वारी

यंदा माझी आषाढी चुकली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. लेकीचे पहिले बाळंतपण, तेही जपानात, नागोया शहरात. तिथे दुसरे कोण जाणार? तुळशीवृंदावन धाकट्या जाऊबाईंच्या स्वाधीन केले, दिंडीच्या विणेकरीबुवांच्या पाया पडले आणि विमानात बसले. नात झाली, बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, पांडुरंगाची कृपा. पण आळंदीहून प्रस्थान झाल्याचे कळले त्या दिवसापासून हाताला काम असूनही पाय जागेवर ठरेनात. आज सासवड, आज जेजुरी, आज वाल्हे, असे मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजत बसे. लेकीच्या ते लक्षात आले. ती म्हणाली, "आई, इथून दीड तासावर इसे आहे. यांच्याबरोबर एक दिवस जाऊन ये. ती यांची पंढरीच आहे म्हण."

मी म्हटले, पंढरी एकच. पण शाळेत इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली, आणि इसेचे नाव मला अगदीच नवे नव्हते. बाळ झोपले की जे मिळेल ते वाचू लागले. वाचता वाचता रात्री जागवल्या. शेवटी दशमीच्या दिवशी जावईबापूंबरोबर गाडीत बसले. माळकरी माणसाने परक्या देवाच्या दारात जावे का, हा प्रश्न मनात होता, नाही असे नाही. जाऊन आल्यावर तो सुटला असेही म्हणणार नाही. जे वाचले आणि जे पाहिले ते सांगते.

इसे हे जपानच्या शिंतो धर्मातले सर्वांत मोठे देवस्थान. ते एक मंदिर नव्हे. लहानमोठी सव्वाशे देवळे मिळून हे क्षेत्र होते. त्यांत दोन मुख्य. नाइकू म्हणजे आतले देवस्थान, तिथे सूर्यदेवता अमातेरासु. आणि गेकू म्हणजे बाहेरचे देवस्थान, तिथे अन्नाची देवता तोयोउके. अमातेरासु ही देवी आहे, जपानच्या राजघराण्याची मूळ माता मानलेली. तिचे प्रतीक म्हणजे एक आरसा. तो कोणी पाहत नाही, पुजारीसुद्धा नाही. लोक मात्र इतके सगळे बोलत नाहीत, नुसते 'ओ-इसे-सान' म्हणतात. आपण जसे 'माउली' म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही, तसे.

मला ओढून नेले ते देवळाने नव्हे, तिथे चालत येणाऱ्या माणसांनी. सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जपानवर तोकुगावा घराण्याच्या शोगुनांची सत्ता होती. शेतकऱ्याने गाव सोडायचे नाही, परवान्याशिवाय प्रांताची हद्द ओलांडायची नाही, रस्त्यांवर चौक्या. अशा काळात सामान्य माणसाला दूरवर जायला एकच कारण सहज चाले, ते म्हणजे इसेची यात्रा. आजचे तोक्यो म्हणजे तेव्हाचे एदो, तिथून पायी साधारण पंधरा दिवस लागत, ओसाकाहून पाच. जन्मात एकदा तरी इसेला जायचे, ही प्रत्येकाची आस.

आणि मधूनच, साठएक वर्षांच्या अंतराने, काहीतरी होई आणि सारा देश उठून चालू लागे. १६५०, १७०५, १७७१, १८३० ही त्यातली मोठी वर्षे. या लाटांना 'ओकागे-माइरी' म्हणतात. ओकागे म्हणजे देवाची कृपा, त्याची छाया. कुठे तरी बातमी उठे की आकाशातून इसेचे अंगारपत्र पडले. अंगारपत्र हा शब्द माझा. कागदाची किंवा लाकडाची ती पवित्र पट्टी, तिला ते 'ओफुदा' म्हणतात. बातमी पसरली की लोक हातचे काम टाकून निघत. मोलकरीण विहिरीवर घागर ठेवून निघे, दुकानातला पोरगा मालकाला न सांगता निघे, सून सासूला न विचारता निघे. यालाही नाव आहे, 'नुके-माइरी', म्हणजे निसटून केलेली यात्रा. परत येताना इसेचा ओफुदा आणला की मालकाने शिक्षा करायची नाही, असा रिवाज होता. १७०५ च्या लाटेत तर लहान पोरेच फार होती. इसेपासून जवळच्या मात्सुसाका गावचा थोर पंडित मोतोओरी नोरिनागा याने त्या वर्षीचा आकडा लिहून ठेवला आहे: पन्नास दिवसांत ३६ लाख २० हजार. तेव्हा साऱ्या देशाची वस्ती तीन कोटींच्या आसपास. १८३० मध्ये आकडा याहूनही वर गेला.

एवढी माणसे पैशाविना निघत, मग खात काय? वाटेवरची गावे खाऊ घालीत. श्रीमंत व्यापारी भात, पाणी, वाणा वाटत. कोणी फुकट होडीतून उतरवून देई, कोणी रात्री पडवी मोकळी करी. १८३० च्या यात्रेत प्रत्येकाच्या हातात लाकडी पळी असे, लांब दांड्याची, पाणी घ्यायची. ती पळी पुढे केली की समोरचा त्यात मूठभर तांदूळ नाही तर एखादे नाणे टाकी. इसेला पोचल्यावर ती पळी गेकूच्या देवळापाशी सोडून द्यायची. हे वाचले तेव्हा मला बरडच्या मुक्कामात पिठलं-भाकरीची पाटी डोक्यावर घेऊन दिंडीमागे धावणारी बाई आठवली. "माउली, थांबा, आमच्याकडचं राहिलं!" आपण घेतो म्हणून ती उपकार मानते. तिकडच्या बाईची भाषा वेगळी असेल, धावण्यात काही फरक नसावा.

नेहमीच्या वर्षांत मात्र इतकी धांदल नसे. गावोगावी 'को' नावाची मंडळे होती. सगळ्या घरांनी वर्षभर थोडे थोडे पैसे जमवायचे, आपल्याकडच्या भिशीसारखे, आणि मग चिठ्ठ्या टाकून दोघा-तिघांना साऱ्या गावातर्फे इसेला पाठवायचे. ज्याची चिठ्ठी निघाली तो सगळ्यांचा नमस्कार घेऊन जाई आणि सगळ्यांसाठी ओफुदा घेऊन येई. तो परतला की गाव वेशीपर्यंत त्याला सामोरे जाई. आपल्या दिंडीत आणि या 'को'मध्ये एक मोठा फरक आहे, तो लपवून उपयोग नाही. दिंडीतला प्रत्येक जण स्वतः चालतो. आपल्याकडे चालणे हीच सेवा. तिथे एकाच्या चालण्यात सगळ्यांचा वाटा. मला पूर्वी हे जरा सोयीचे वाटले असते. या वर्षी नाही वाटले.

कोणीच जाण्यासारखे नसेल तर काही घरे कुत्रा पाठवीत. हसू नका, हे खरे आहे. मालक आजारी असला, म्हातारा असला, तर कुत्र्याच्या गळ्यात दोरी बांधून त्यात थोडी नाणी आणि गावाचे नाव घालायचे आणि जाणाऱ्या यात्रेकरूंच्या मागे सोडायचे. वाटेत लोक त्यातलेच पैसे घेऊन त्याला खायला घालीत, पुष्कळदा त्याच्या गळ्यात आणखी नाणे बांधीत, रात्री निवारा देत, आणि इसेहून ओफुदा बांधून तो घरी परत येई. हिरोशिगे या प्रसिद्ध चित्रकाराने इसेच्या यात्रेचे जे चित्र काढले, त्यात मियागावा नदीच्या उतारावर माणसांच्या गर्दीत असा एक कुत्रा आहे. नामदेवराय तुपाची वाटी घेऊन ज्याच्या मागे धावले त्याचाच हा कोणी भाऊबंद.

क्षेत्र म्हटले की क्षेत्रोपाध्ये आलेच. इसेत त्यांना 'ओन्शी' म्हणत. शेकडो घराणी. प्रत्येकाचे देशभर यजमान ठरलेले, त्यांच्या वह्या ठेवलेल्या. हे ओन्शी गावोगाव फिरून ओफुदा आणि पंचांग वाटत, दक्षिणा घेत, आणि यजमान इसेला आला की आपल्या वाड्यात उतरवून पंचपक्वान्नांचे ताट वाढत. आयुष्यभर कोंड्याचा भात खाणारा शेतकरी तिथे दोन दिवस राजासारखा राही. यात्रा देशभर पसरली ती बरीचशी यांच्याच पायपिटीने, हे श्रेय त्यांना दिले पाहिजे. आणि त्यांची घरेही त्यावरच भरली, हेही सांगितले पाहिजे. १८७१ मध्ये नव्या सरकारने ओन्शींचे हक्क एका हुकुमाने रद्द केले. पंढरीत बडवे-उत्पातांच्या हक्काचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून लागायला २०१४ साल उजाडले. दोन्हीकडे देव आणि भक्त यांच्यामध्ये कोणी उभे राहायचे, हाच वाद.

आता दर्शनाचे सांगते.

रीत अशी, की आधी गेकू, मग नाइकू. अन्नाच्या देवतेला आधी नमस्कार. गेकूमध्ये रोज सकाळ-संध्याकाळ देवांना नैवेद्य दाखवतात, आणि हा क्रम पंधराशे वर्षे चालत आला आहे असे तिथे मानतात. त्यासाठी विस्तव लाकडावर लाकूड घासून पाडतात. तांदूळ देवस्थानच्या शेतातला, मीठ देवस्थानच्या आगरातले. ऐकून मी भारावले. मग जावयांनी नैवेद्याची पुढची यादी वाचली: मासा आणि तांदळाची दारू. माझा हात नकळत माळेकडे गेला. जावई ओशाळले, जणू चूक त्यांचीच. मी म्हटले, "अहो, समुद्राकाठचा देव आहे, त्याच्या घरी जे पिकते ते त्याला देतात." म्हटले खरे; पण मनात ते अडकले, आणि अजून अडकलेलेच आहे.

नाइकूला जाताना इसुझू नदीवरचा उजी पूल लागतो. शंभर मीटर लांबीचा, सगळा लाकडी. दोन्ही टोकांना 'तोरी', म्हणजे देवाची कमान. हे खांब जुन्या मुख्य देवळांचे. देऊळ नवे झाले की जुने खांब इथे कमान होऊन वीस वर्षे उभे राहतात, आणि मग इथूनही निघून जुन्या यात्रामार्गावरच्या गावांत कमान होऊन आणखी वीस वर्षे. पुलापलीकडे नदीत उतरायला दगडी पायऱ्या आहेत. लोक वाकून हात धुतात, तोंड खळाळतात. मी चंद्रभागेत उतरते तशी पदर खोचून उतरले, आणि पाणी डोळ्यांना लावले. पुढे शेकडो वर्षांची सुगीची झाडे, एवढी उंच की मान दुखावी. आणि पायांखाली खडी. चपला काढायच्या नसतात, हे मला शेवटपर्यंत चमत्कारिक वाटत राहिले. हजारो माणसे चालली होती आणि आवाज फक्त खडीचा. टाळ नाही, नाम नाही, घंटासुद्धा नाही. दशमीचा दिवस, आणि ही शांतता! मी मनातल्या मनात 'रामकृष्ण हरी' सुरू केले, पावलांच्या ठेक्यावर.

दगडी पायऱ्या चढून वर गेले. वर दार आहे, आणि दारात पांढऱ्या रेशमाचा पडदा. बस. देऊळ त्याच्याही आत, चार कुंपणांच्या पलीकडे. कोणीही तिथून पुढे जात नाही. लोक पडद्यासमोर दोनदा वाकतात, दोनदा टाळी वाजवतात, पुन्हा एकदा वाकतात आणि बाजूला होतात. दानपेटी नाही. देवीजवळ आपले काही मागायचे नाही, आभार तेवढे मानायचे, असा इथला जुना दंडक आहे. मागायचे तर मागे दुसरे देऊळ आहे, तिथे मागा.

खरे सांगते, मी हिरमुसले. आपला विठोबा हाताच्या अंतरावर उभा. दहा-दहा, वीस-वीस तास बारीत उभे राहिलो तरी शेवटी त्याच्या पायांवर डोके टेकते, आणि तेवढ्या एका क्षणासाठी आपण जातो. इथे इतक्या दूर येऊन पडदा पाहायचा? एवढ्यात वारा आला आणि पडद्याचा खालचा काठ थोडासा उचलला गेला. आत आणखी एक दार दिसले, बंद. कुंपणावरून पलीकडे छपराची सोनेरी टोके तेवढी दिसत होती. जावई म्हणाले, "आई, कळसदर्शन झालं ना?" हा मुलगा तसा देवधर्मातला नाही. पण माझ्या सासूबाई शेवटची दोन वर्षे महाद्वारातून कळस पाहूनच परतायच्या, हे लेकीने त्याला सांगितले असावे.

पडद्यासमोर उभी असताना मला दोन माणसे आठवली. पहिला मात्सुओ बाशो, जपानचा फार मोठा कवी. तो १६८४ मध्ये इथे आला. भिक्षू नव्हता, पण डोके भिक्षूसारखे तासलेले. बौद्ध भिक्षू-भिक्षुणींनी या देवळाजवळ जायचे नाही असा नियम होता. त्यांनी दुरून, ठरलेल्या जागेवरून हात जोडायचे. बाशोलाही त्याच्या डोक्यामुळे भिक्षू समजून पुढे जाऊ दिले नाही. हे त्याने आपल्या 'नोझाराशी किको' या प्रवासवर्णनात नोंदवले आहे. त्याच्याही पाचशे वर्षे आधी साइग्यो हा भिक्षू-कवी इसेच्या परिसरात येऊन राहिला होता, तोही दाराबाहेरचाच भक्त.

दुसरे माणूस कोण, हे वारकऱ्याला सांगायला नको. चोखोबा महाद्वारातच राहिले. मंगळवेढ्याला कूस कोसळून गेले, आणि नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारापाशी ठेवल्या, आत नव्हे. पुढे सहाशे वर्षांनी, १९४७ च्या मे महिन्यात, साने गुरुजींना त्याच दारासाठी पंढरीत दहा दिवस उपोषण करावे लागले. बाशोला एक दिवस अडवले, तेही केस पाहून. चोखोबांना जन्म पाहून अडवले. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत, आणि इसेच्या पडद्यापुढे उभे राहून मला इसेला नावे ठेवायचा अधिकारही नाही. तिथला पडदा निदान आज सगळ्यांना सारखाच आहे.

आणि तरी ज्या भिक्षुणींना दूर ठेवले, त्यांच्यातल्याच एकीने हे देवस्थान वाचवले. ही कथा मला सगळ्यांत आवडली.

इसेची दोन्ही मुख्य देवळे दर वीस वर्षांनी नवी बांधतात. शेजारी शेजारी दोन सारख्या जागा असतात. एकीवर देऊळ उभे, दुसरी मोकळी, पांढऱ्या खड्यांनी भरलेली. वीस वर्षे झाली की मोकळ्या जागेवर हुबेहूब तसेच देऊळ उभारतात: हिनोकी लाकूड, रंग नाही, खांब थेट जमिनीत पुरलेले, वर गवताचे शाकारलेले छप्पर. मग एका रात्री दिवे मालवून, पांढऱ्या रेशमाच्या आडोशाने देवीला नव्या घरी नेतात. याला 'शिकिनेन सेन्गू' म्हणतात. पहिला ६९० मध्ये, सम्राज्ञी जितो हिच्या काळात झाला. २०१३ चा बासष्टावा. पुढचा २०३३ मध्ये आहे, आणि त्याच्या लाकूडतोडीसाठी डोंगराच्या देवाची पूजा २०२५ च्या मे महिन्यातच होऊन गेली. देवळाबरोबर देवीची वस्त्रे, तलवारी, आरसे, अशी पंधराशेहून अधिक वस्तूही नव्याने घडवतात. वीस वर्षांपूर्वी हाताखाली असलेला सुतार या वेळी मुख्य असतो, आणि त्याच्या हाताखालचा पोरगा पुढच्या वेळी. म्हणून तेराशे वर्षांपूर्वीचे देऊळ आजही ताजे असते, लाकडाला वास येतो.

पण पंधराव्या-सोळाव्या शतकात जपानभर यादवी माजली. तिजोऱ्या रिकाम्या झाल्या, सम्राटाजवळसुद्धा पैसा नव्हता. गेकूचे नवे देऊळ १४३४ नंतर झालेच नाही, नाइकूचे १४६२ नंतर. देवळे मोडकळीला आली. तेव्हा सेइजुन नावाची एक बौद्ध भिक्षुणी उठली. गावोगाव हिंडून तिने दान मागितले. उजी पूल वाहून गेला होता, तो बांधून घेतला. १५६३ मध्ये, १२९ वर्षांच्या खंडानंतर, गेकूचे नवे देऊळ उभे राहिले, ते तिच्या झोळीतून. १५६६ मध्ये ती गेली. तिची वारस भिक्षुणी शूयो हिने काम पुढे चालवले. ओदा नोबुनागा आणि मग तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशांकडून तिने पैसा उभा केला आणि १५८५ मध्ये नाइकूही नवे झाले. त्यांच्या मठाचे नाव केइकोइन. विजयनगराहून विठुराया परत आणणारे भानुदास महाराज आपल्याला ठाऊक आहेत. त्यांच्या पंक्तीला ही बाई बसवावी असे मला वाटले.

पुढचा इतिहास तितका गोड नाही. १८६८ नंतरच्या सरकारने शिंतो आणि बौद्ध वेगळे केले. इसे परिसरातले बौद्ध मठ मोडले गेले, केइकोइनही बंद पडले. त्याआधीच्या हजारभर वर्षांत सम्राटाने स्वतः इसेला येण्याची रीत नव्हती. १८६९ मध्ये सम्राट मेइजी आले. ओ-इसे-सान हे सरकारी दैवत झाले, आणि पुढे युद्धात तरुणांना मरायला पाठवताना याच देवीचे नाव घेतले गेले. १९४५ च्या पराभवानंतर सरकारी पैसा थांबला. १९४९ चा सेन्गू होऊ शकला नाही, तेव्हा निदान पूल तरी नवा व्हावा म्हणून लोकांनी तेवढा बांधला. देऊळ १९५३ मध्ये झाले, वर्गणीतून. म्हणून आजही पूल देवळाच्या चार वर्षे आधी नवा होतो. सेइजुनच्या झोळीकडेच गोष्ट परत आली, म्हणायची.

देवळाबाहेरच्या जुन्या बाजारपेठेत अकाफुकु नावाचे दुकान आहे, १७०७ पासूनचे. चिकट तांदळाच्या गोळ्यावर लाल चवळीसारख्या कडधान्याचे गोड पुरण. त्यावर बोटांनी काढलेल्या रेघा म्हणजे इसुझू नदीचा प्रवाह. दुसऱ्या दिवशी एकादशी, म्हणून तेवढेच खाल्ले आणि लेकीसाठी एक डबा घेतला.

परतीच्या गाडीत बसलो तेव्हा अंधार पडला होता. इथले साडेआठ म्हणजे आपल्याकडे पाच. फोन वाजला. जाऊबाई होत्या, आवाजापेक्षा मागचा गजरच जास्त.

"अक्का, वाखरी मागं टाकली. इसबावी आली. ऐकू येतंय का?"

"येतंय. तुळस कशी आहे?"

"डोक्यावर आहे की! पाऊस लागला वाटेत, पानं लई तरारलीत. आज एक बाई म्हणाली, माझ्या डोक्यावर द्या घटकाभर. म्या नाही दिली. म्हटलं, ही माझी न्हाई, जपानातल्या बाईची हाय."

गाडीत मोठ्याने बोलायची तिथे रीत नाही. मी फोन तसाच कानाला लावून बसले. पुढचे स्टेशन मात्सुसाका, नोरिनागाचे गाव. तोपर्यंत टाळ चालूच होते.